होरूवरचा आरसा

पायथ्याच्या गावात मॅटरहॉर्न शिखराला कोणी मॅटरहॉर्न म्हणत नाही. नुसतं ‘होरू’ म्हणतात, घरातल्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं. ओथमारने आयुष्यभर देशोदेशीच्या पाहुण्यांना आपल्या दोराला बांधून होरूवर नेलं. बायकोला न्यायचं तेवढं राहिलं. सीझन संपला की जाऊ, म्हणायचा. एका वर्षी सीझनच्या आधी त्याचा गुडघाच संपला.

यंदा साठी उलटली तशी गेनोवेवाने वाट बघणं सोडलं आणि लेकीचा दोर धरला. योलांडाही आता वाटाड्याचंच काम करते. निघताना ओथमार बायकोच्या बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. ती म्हणाली, मेंढ्यांकडे बघ आणि सूप करपवू नकोस.

दोघांची एक जुनी रीत होती. शिखरावर पोचला की तो दाढीचा आरसा उन्हात चमकवायचा. आरसा दिसला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून लाल घोंगडी बाहेर सोडायची. दुर्बिणीतून तो लाल ठिपका दिसल्यावरच त्याचे पाय उतरणीला लागत.

आज दुर्बीण घेऊन तो खिडकीत होता. ऊन चढलं. शिखरावरचा सगळा बर्फच लखलखत होता. त्यात तळहाताएवढा आरसा कुठला दिसतोय? त्याने काचा बाहीने पुसल्या. इटलीकडून ढग वर सरकू लागला. मागे सुपाचा वास बदलला, पण त्याला खिडकी सोडवेना.

मग त्याच्या ध्यानात आलं. इथून आरसा दिसतच नाही. कधीच दिसला नसणार. घोंगडी मात्र दर वेळी बाहेर होती.

ती वर असेल, घोंगडी शोधत असेल. त्याने घाईघाईने घोंगडी सोडली. जिरेनियमची एक कुंडी त्यात खाली गेली.

संध्याकाळी मायलेकी आल्या. गेनोवेवाचं नाक उन्हाने लाल झालं होतं. टेबलाशी बसत तिने विचारलं, “आरसा दिसला?”

“दिसला की. लख्ख.”

योलांडा छताकडे बघायला लागली.

“आरसा पावाच्या डब्यात आहे,” गेनोवेवा म्हणाली. “नेलाच नव्हता. घोंगडी मात्र छान दिसली हं.”

ओथमारने पावाचा डबा उघडून बघितला. “मग इतकी वर्षं तू...”

“वेळ झाली की टाकायची. तू पोचला नसशील, असं मनात आणण्यापेक्षा ते बरं.”

त्याने पातेल्यातलं वरचं, न करपलेलं सूप तिच्या वाडग्यात घातलं आणि तळाचं स्वतःला घेतलं.