थुंकीने पुसलेला फळा

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, २००३ साली मी वकिलीच्या प्रवेश परीक्षेच्या एका क्लासात भिंतीवर होतो. त्या वर्षाची आठवण झाली की मला अजून शिसारी येते.

त्याआधी मी एका शाळेत होतो. सुताराने तीन फळ्या जोडून मला घडवलं होतं. तिथल्या बाई मला ओल्या फडक्याने पार कोपऱ्यांपर्यंत पुसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगत. शाळा बंद पडली आणि मी या सरांच्या हाती लागलो.

सर तर्काची कोडी शिकवत. कोण कोणाशेजारी बसेल, कोण आलं तर कोण येणार नाही, हे चौकटी, बाण आणि फुल्या काढून मांडायचं असतं. पण सरांना फडक्याचा कंटाळा. चहाने चिकट झालेला अंगठा जिभेवर फिरवायचा आणि नको तेवढंच पुसायचं. कालच्याच चौकटींत आजचं कोडं कोंबायचं. याला ते झटपट पद्धत म्हणत. माझ्या अंगावर पिवळट डाग पडले. शी!

पहिल्या बाकावर औषधाच्या दुकानदाराची मुलगी बसे. ती एकदा नापास झाली होती. यंदाही राहिलीस तर मुकाट्याने दुकानात बसायचं, असं वडिलांनी तिला बजावलं होतं.

एके दिवशी सहा पाहुणे रांगेत बसवायचे होते. काही केल्या ते बसेनात. सरांनी जाहीर केलं की प्रश्नच चुकीचा छापलाय. सगळ्यांनी निमूट पान उलटलं. मुलगी मात्र माझ्यापाशी आली. पाहुण्यांपैकी डॉक्टर आणि शिंपी यांच्या मधोमध एक फुली होती, म्हणजे हे दोघे शेजारी नकोत.

"सर, ही कुठल्या अटीतली?"

आजच्या अटींत ती कुठेच नव्हती. ती कालच्या कोड्यातली होती, थुंकीने अर्धवट पुसलेली.

"ताई, जागेवर बसा. फळा माझा आहे."

"फळा तुमचाच आहे, सर. वर्ष माझं जातंय."

तिने रुमाल भिजवून मला वरपासून खालपर्यंत पुसलं. मग एकेक अट वाचून तेवढ्याच खुणा काढल्या. सहाही जण आपापल्या जागी बसले. सर म्हणाले की ते हेच तर सांगत होते.

ती पास झाली. सरांनी तिचा मोठा फोटो माझ्या समोरच्या भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, 'झटपट पद्धतीचं यश'. त्या अंगठ्याचीही मला इतकी किळस आली नव्हती.

पुढचं मला क्लासातल्या गप्पांतून कळलं. मुलगी वकील झाली. तिने पहिली नोटीस सरांनाच धाडली, फोटो उतरवा म्हणून. वडील आता गिऱ्हाइकांना गोळ्यांच्या पुडीबरोबर लेकीचं कार्ड देतात. शाळेतल्या बाई वारल्या. सरांनी तो फोटो उतरवून दुसऱ्या कुणाचा लावला आणि नवा पांढरा फळा आणला. मला अडगळीत टाकलं. मित्रांनो, माझं काय व्हायचं ते होवो. त्या नव्या फळ्यासाठी तरी कुणी एक फडकं नेऊन द्या.