ताईने विचारू नये ते

मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं होतं, "त्याला लघवी होतेय का? होत असेल तर भरपूर पाणी पाज. बंद असेल तर दुपारच्या बोटीत घाल, थांबू नकोस."

बेटावरची एकुलती एक नर्स लेसिएली, आणि आजारी कोण, तर तिचा सख्खा धाकटा भाऊ केपू. झालं, इथंच घोडं अडलं! टोंगा देशात बहीण-भाऊ मोठे झाले की एका खोलीत बसत नाहीत, आणि असले शब्द तर एकमेकांच्या कानावरही पडू द्यायचे नसतात. म्हणून तिनं केपूच्या बायकोला, आतेलाइतेला, आत पिटाळलं.

"होतेय म्हणतात, ताई," ती बाहेर येऊन म्हणाली.

"तू पाहिलंस?"

"इश्श! मी कशाला पाहू?"

अंगावर उठलेल्या नागिणीच्या गोळ्या केपूला लेसिएलीनंच दिल्या होत्या, दिवसाला पाच. बजावलंही होतं, पाणी घटाघटा पी, नाहीतर औषधाचे खडे मूत्रपिंडात जमतात. पण हा पठ्ठ्या प्रार्थनेच्या आठवड्याचा कडक उपास धरून बसला. गोळी मात्र एकही चुकवली नाही, नुसत्या घोटभर पाण्याबरोबर! आता कंबर धरून ओकत होता. बायकोला खरं सांगावं, तर ती ते बहिणीला सांगणार. म्हणून लपवत तर नसेल?

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. पुढची बोट थेट शुक्रवारी.

"चुलीत गेली रीत," असं पुटपुटत तिनं दार ढकललं.

केपूनं चादर डोक्यावरून ओढली. "ताई, बाहेर हो! लाज नाही वाटत?"

"वाटते, मेल्या! मरणाची वाटते. शेवटची लघवी कधी झाली?"

चादरीतून आवाज आला, "रविवारी."

आज मंगळवार होता.

शेजारच्या चौघांनी त्याला चटईसकट उचलून बोटीत घातलं. लेसिएली बोटीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली. मोठ्या बेटावरच्या इस्पितळातही ती वॉर्डाबाहेरच्या बाकावरच राहिली. तीन दिवस आतेलाइते आतून येऊन नुसती मान हलवायची, काही नाही म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी केपूच आतून ओरडला, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.

"ताई! बाटली भरली गं!"

"निलाजरा कुठला!" लेसिएली म्हणाली, आणि तोंडाला पदर लावावा तसा हातातला टॉवेल लावून हमसून हमसून रडली.