छप्पर चार बोटं खाली

जाहिरात वहिनीने लिहिली होती, आणि लिहिताना तिने हात आखडला नव्हता. ‘जुनी अमेरिकन गाडी विकणे आहे, स्टिअरिंग डावीकडे. अठरा फूट लांब. रंग पिकल्या जांभळाचा. छप्पर चार बोटं खाली घेतलेलं. दारांना बाहेरून हँडल नाही, छुपं बटण आहे. मागचे दिवे दुसऱ्याच गाडीचे, पण शोभतात. मालकाने सात वर्षं स्वतःच्या हातांनी घडवली. हौशी माणसानेच यावं.’

मालक म्हणजे तिचा नवरा, तिच्या धाकट्या दिराचा दादा. चार महिन्यांपूर्वी तो याच गाडीत गेला. भरदिवसा, सरळसोट रिकाम्या रस्त्यावर गाडी हळूहळू कडेला सरकत गेली आणि पुलाच्या कठड्याला धडकली. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नव्हती. बॉनेट चेपलं होतं, ते धाकट्याने ठोकून सरळ केलं, खळग्यांत लांबी भरली, घासलं, रंगवलं. माणसाला तशी लांबी भरता येत नाही.

वहिनीला गाडी विकायची होती कारण ती डोळ्यांसमोर नको होती. धाकट्याला त्याहून घाई होती, आणि त्याच्या कारणाची त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. दादाला आपण मारलं, असं तो मानत होता.

त्याचं असं झालं. दोघा भावांच्या शेडमध्ये टेप होती, पण ती खिळ्याला टांगण्यापुरती. दादा सगळी मापं हातानेच सांगायचा. वीतभर, दोन बोटं, मूठभर. छप्पर कापायच्या दिवशी तो तापाने फणफणला होता. त्याने घरून निरोप पाठवला, “चार बोटं काप, जास्त नको.” धाकट्याने छपराच्या दांड्यावर चार बोटं टेकवली, रेघ मारली आणि कटर चालवला. बोटं अर्थातच स्वतःची. दादाची बोटं निमुळती, शिंप्याला शोभतील अशी, आणि याची एकेक केळ्याएवढी. वेल्डिंग संपल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. छप्पर चांगलं बोटभर जास्त उतरलं होतं.

तो बोलला नाही, आणि दादानेही विचारलं नाही. पण पहिल्याच फेरीपासून दादा ती गाडी, डोकं छपराला लागत असल्यासारखी, मान उजवीकडे कलती करून चालवू लागला. छप्पर उतरल्यावर काचांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या, त्यातून बाहेरच्याला तेवढंच दिसायचं, एका बाजूला झुकलेलं डोकं. पुढे पुढे तर तो गाडीतून उतरल्यावरही मान तशीच ठेवून जेवायला बसायचा. धाकटा ते पाहायचा आणि ताटात खाली बघायचा. मान वाकडी करून चालवणाऱ्याला रस्ता काय दिसणार, हे कळायला शाळा लागत नाही.

गाडीत तो स्वतः कधी बसलाच नव्हता. दादा असताना दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती, आणि दादा गेल्यावर याची छाती होईना. शेडमध्ये तो गाडी ढकलूनच मागेपुढे करायचा. इंजिन सुरू करायचं तर खिडकीतून हात घालून चावी फिरवायची.

पहिलं गिऱ्हाईक लग्नाला गाड्या भाड्याने देणारं होतं. माणूस दांडगा आणि बोलका. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, “वा, काय काम आहे!” असं चारदा म्हणाला आणि आत बसला. पाच मिनिटांनी उतरला तेव्हा त्याची मान उजवीकडे कललेली होती.

“कळवतो,” एवढंच म्हणाला आणि चालायला लागला. टोपी शेडमध्येच विसरली, पण न्यायला आला नाही.

दुसरा दातांचा डॉक्टर होता, उंचीने इतका कमी की सीटवर उशी मागून घेतली. तोही उतरला तो मान उजवीकडे टाकूनच. वहिनीने चहा आणला, तर कप हातात धरून तो नुसता उभा राहिला, पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकत असावा तसा. एवढ्याशा माणसाचं डोकं छपराला कसं लागेल, हा साधा हिशेब धाकट्याला सुचला नाही. चोराच्या मनात चांदणं. दादा याची चूक सगळ्यांना दाखवतोय, एवढंच त्याला दिसलं.

डॉक्टर गेल्यावर वहिनी म्हणाली, “भावजी, हे सगळे असे का पळतात?”

मग मात्र त्याचा बांध फुटला. ताप, निरोप, बोटं, कटर, सगळं त्याने उभ्याउभ्या सांगून टाकलं. “वहिनी, छप्पर माझ्या हातून जास्त कापलं गेलं. मी तेव्हाच बोललो असतो, तर दादा आज असता.” तो पत्र्याच्या डब्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

वहिनी रागावली नाही. ती गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली.

“पण त्यांचं डोकं कुठे लागत होतं छपराला? मी मागच्या सीटवरून बघायची ना. चांगली वीतभर जागा होती वर.”

“मग मान का वाकडी करायचा?”

“ते मीही विचारलं होतं. म्हणाले, सवय झालीय.” तिने पुढच्या सीटकडे बोट दाखवलं. “मला पुढे शेजारी मात्र कधी बसू दिलं नाही. मागेच बस म्हणायचे. मला वाटायचं, नवं कव्हर मळेल म्हणून. तुम्हीच बसून बघा ना. तुम्ही तर त्यांच्याहून उंच.”

धाकट्याने बटण दाबलं. दार उघडलं. तो बसला, पाठ ताठ केली, आणि हळूच हात डोक्यावर नेला. डोकं आणि छप्पर यांच्यामध्ये त्याचा आख्खा पंजा आडवा बसला, वर जागा उरली. त्याने पुन्हा मोजलं. चार बोटं, त्याचीच जाडी बोटं, आणि वर आणखी दोन.

त्याचा जीव भांड्यात पडला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. दादाला त्याने मारलं नव्हतं. तो मोठ्याने हसला, आणि काचेच्या फटीतून वहिनीला पंजा दाखवला. तीही डोळे पुसत हसली.

तेवढ्यात उजवीकडच्या रिकाम्या सीटवरून कुणीतरी काहीतरी म्हणालं.

आवाज बाईचा की पुरुषाचा कळेना, इतका तो हळू होता. दादाचा नव्हता, एवढं नक्की. धमकी नव्हती, रडणंही नव्हतं. घरचं माणूस कामाचं काही सांगतं तसं समजावून, न थांबता चाललं होतं. शब्द ओळखीचे वाटत होते. जरासं वाकलं की नीट कळेल, असं त्याला वाटलं. तो जरासा वाकला. अगदी थोडक्यासाठी राहून गेलं. आणखी थोडं वाकलं की झालं.

“भावजी?” बाहेरून वहिनी म्हणाली. तिचं हसणं थांबलं होतं. “भावजी, मान सरळ करा. बाहेर या आधी!”

तिने दाराला हात घातला, पण दाराला हँडल नव्हतं, आणि बटण कुठे आहे ते घाबरलेल्या बोटांना सापडेना. ती तळहातांनी पत्रा बडवू लागली.

धाकट्याने तिला गप्प राहण्याची खूण केली. इंजिन कधी सुरू झालं ते त्याला कळलं नव्हतं. गाडी शेडबाहेर रस्त्यावर आली, तरी त्याचं लक्ष समोर नव्हतं.

“थांबा जरा, वहिनी,” तो म्हणाला, “आता एकच शब्द राहिलाय.”