हाकेचा रकाना

आमच्या शाळेच्या खेळांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, त्याचं कारण सोपं होतं. शेवटची साठ वर्षं मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्याआधीच्या गोष्टी विचारायला आता कोणी उरलेलं नाही. तेराव्या वर्षी मी या शाळेत, स्केलगेटला, आलो, मध्ये चार वर्षं केंब्रिजला काढली आणि परत येऊन चाळीस वर्षं इथल्याच पोरांना लॅटिन शिकवलं. आता पंचाहत्तरीचा झालो आहे. फाटकाजवळच्या दोन खोल्या शाळेने मला राहायला दिल्या आहेत. खिडकीतून चॅपल दिसतं आणि चॅपलमागच्या कबरी दिसतात.

पहिली प्रकरणं भराभर झाली. क्रिकेट आलं कसं, माळावरची आठ मैलांची धाव कोणी सुरू केली, चॅपलच्या भिंतीवर तळहाताने चेंडू मारून खिडक्या फोडणाऱ्यांना कोणत्या मुख्याध्यापकाने फोडून काढलं, हे सगळं जुन्या कागदांत होतं. एका मुख्याध्यापकांनी पोहणं बंद केलं होतं, कारण पोहून आलेली पोरं फार आनंदी दिसतात. असला मासला. मी ते मजेत लिहून काढलं.

मग खंदक आला. स्केलगेटचा म्हणून जो खेळ आहे तो हाच, आणि तो जगात दुसरीकडे कुठेही खेळत नाहीत. शहाणेच आहेत ते. चॅपलची भिंत आणि समोरचा मातीचा बांध यांच्यामध्ये शंभर पावलं लांब, जेमतेम चार पावलं रुंद अशी चिखलाची पट्टी आहे. दोन हाउसचे, म्हणजे शाळेतल्या दोन वसतिगृहांचे, दहा-दहा जण, भुसा भरलेला एक चामडी चेंडू, आणि दोन्ही टोकांना ओकचा एकेक खांब. चेंडू समोरच्यांच्या खांबाला टेकवायचा. प्रत्यक्षात होतं एवढंच, की एक जण चेंडू पोटाशी धरून पडतो आणि उरलेले एकोणीस जण त्याच्यावर पडतात. तो ढीग तासाला दहा पावलं सरकतो. बघणाऱ्याला दिसते ती फक्त वाफ.

तळाच्या पोराचा जीव गुदमरू नये म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक नियम झाला. त्याला आम्ही हाक म्हणतो. तळाशी ओरडायला श्वास नसतो, म्हणून जो पाय हाताला लागेल त्यावर तीनदा थापटायचं. ज्याचा पाय असेल त्याने ताबडतोब ‘थांबा’ म्हणून ओरडायचं. शिट्टी होते, ढीग सुटतो, आणि हाक देणाऱ्याच्या हाउसला दहा पावलं मागे जावं लागतं. किती हाका झाल्या ते सामन्याच्या वहीत एका रकान्यात लिहायचं.

या वह्या मी गेल्या हिवाळ्यात एका ओळीने वाचल्या. हाकेच्या रकान्यात दरवर्षी चार, पाच, एका वर्षी नऊ. एकोणीसशे सहासष्टपर्यंत असं. आणि त्यानंतर शून्य. पुढच्या वर्षी शून्य, त्याच्या पुढच्या वर्षी शून्य, अठ्ठावन्न वर्षं शून्य. त्यांतली तीस वर्षं पंच म्हणून मीच उभा होतो आणि ती शून्यं माझ्याच हातची आहेत. शाळेच्या दवाखान्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर तिथे सहासष्टनंतर मोडलेल्या बरगड्या दुपटीने वाढलेल्या. असं का झालं, हे शोधायला मला कुठल्या वहीची गरज नव्हती. खंदकाच्या तोंडाशी भिंतीत एक पितळी पाटी आहे. सामन्याआधी प्रत्येक पोरगा तिला हात लावून आत उतरतो. पाटीवर लिहिलंय: ऑब्री विनकॉट, वय सोळा. त्याने हाक दिली नाही.

ते वाक्य माझं आहे. म्हणजे कोरलं दुसऱ्याने, पण मूळ माझं.

सहासष्टच्या नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. आमचं हाउस अकरा वर्षांत जिंकलेलं नव्हतं आणि मी कप्तान होतो. तीन तास झाले होते. ऑब्री चेंडू घेऊन तळाशी, त्याच्या वर मी, माझ्यावर बाकीचे. खांब दीड हातावर राहिला होता. त्याच दिवशी संध्याकाळी जवळच्या शहरातल्या इस्पितळात ऑब्री गेला. छाती दबली, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी सकाळी आमचे हाउसमास्तर हॉलिवेल यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, रात्रभर रडलेला दिसत होता.

“पेनरोज, तू त्याच्या सगळ्यात जवळ होतास. त्याने हाक दिली?”

“नाही, सर.”

“नक्की?”

“नक्की, सर.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वाघ होता पोरगा,” म्हणाले, “त्याच्या आईला हे मी स्वतः सांगतो. तेवढाच तिला आधार.” आणि त्यांनी सांगितलं. त्यांना खरंच वाटत होतं, की यापेक्षा मोठा आधार आईला असू शकत नाही. आमच्यासारख्या शाळेतच माणूस असा विचार करू शकतो.

तर खंदकाचं प्रकरण मी लिहिलं, त्यात ऑब्रीबद्दल एक परिच्छेद घातला, पाटीवरचं वाक्य अवतरणात दिलं आणि कागद मुख्याध्यापकांकडे धाडले. अठ्ठावन्न वर्षं जे गिळलं ते आणखी एकदा गिळायला काही जड गेलं नाही. मग मार्चमध्ये पत्र आलं. ‘मी ऑब्रीची धाकटी बहीण. शाळेचा इतिहास तुम्ही लिहिता आहात असं कळलं. एकच गोष्ट विचारायची आहे, पण समोर बसून.’ खाली सही, हेस्टर विनकॉट.

पुढच्या गुरुवारी दुपारी ती आली. सदुसष्ट वर्षांची, उंच, पायात चिखलाचे बूट. लीड्सला पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. मी चहा केला, स्कोन पुढे ठेवले. तिने एक मोडला आणि तसाच बशीत ठेवून दिला.

“ती पाटी पाहून आले,” ती म्हणाली. “चांगली घासूनपुसून ठेवलीय.”

“पोरं हात लावतात. त्यानेच चकाकते.”

“हो का! म्हणजे देवच झालाय आमचा ऑब्री.” ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. “मिस्टर पेनरोज, तुम्ही त्याला ओळखत होतात. बोटात काटा गेला तरी घर डोक्यावर घ्यायचा तो. दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं तर आईला आणि मावशीला दोन्हीकडून धरावं लागायचं. कोंबडी मागे लागली म्हणून एकदा झाडावर चढून बसला होता, तेही चौदाव्या वर्षी.”

मला हसू आलं. कोंबडीची गोष्ट त्याने आम्हालाही सांगितली होती, स्वतःवरच हसत.

“असला मुलगा गुदमरून मरेपर्यंत गप्प राहिला?”

मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलेलीच नव्हती.

“तुमच्या त्या मास्तरांनी आईला सांगितलं, तीनदा थापटलं असतं तर वाचला असता, पण त्याने थापटलं नाही, असा शूर. आईने ऐकून घेतलं आणि दार लावलं. नंतर म्हणाली, ‘तीनदा. तीनदा हात हलवायचा होता मेल्याला. जिंकल्यावर मिळणाऱ्या त्या टोपीसाठी नाही हलवला. माझा विचारसुद्धा आला नाही त्याच्या मनात.’ त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही घरात. मी नऊ वर्षांची होते. मीही रागावले त्याच्यावर. अजून आहे. अठ्ठावन्न वर्षं एका सोळा वर्षांच्या पोरावर रागावून राहणं सोपं नसतं हो. आता मला थकायला झालंय. म्हणून आले. त्याने खरंच हाक दिली नाही?”

ताकाला जाऊन भांडं किती वर्षं लपवायचं? तरी खरं सांगतो, ‘नाही’ हा शब्द माझ्या जिभेवर आलाच होता. सवयीचा होता तो.

“दिली,” मी म्हणालो.

तिने कप खाली ठेवला.

“माझ्या पायावर दिली. घोट्याच्या वर. खांब दीड हातावर होता. मी ओरडलो असतो तर दहा पावलं मागे गेलो असतो. मला वाटलं, एक मिनिट. एका मिनिटात काय होतंय.”

“मग?”

“मग आम्ही जिंकलो.”

तिने टेबलावर बोटं टेकवली. थाप, थाप, थाप. बशीतला चमचा वाजला.

“असं?”

“नाही. इतकं जोरात नाही.”

तिने पुन्हा थापटलं, हलकेच.

“असं?”

“हो. असंच.”

“तुम्हाला वाटलं असेल चुकून हात लागला.”

वाट तिने स्वतः करून दिली होती. माझ्यावर दया म्हणून नव्हे, तिलाच ते हवं असावं. पण मला त्या वाटेने जाता येईना.

“नाही. मला कळलं होतं. त्याने पुन्हा तीनदा थापटलं. मग बोटांनी मोजा धरून ठेवला.”

ती खिडकीबाहेर पाहू लागली. मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि परतही केली नाही. माझं बोलणं तिला ऐकू आलं असेल असंही मला वाटत नाही. शेवटी तिने कबरींकडे बोट दाखवलं.

“त्या भिंतीकडची त्याची ना? शेजारची जागा आईची. तेव्हाच राखून ठेवली होती शाळेने, कागद आहे माझ्याकडे. गेल्याच महिन्यात आई गेली. अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन. शुद्धीत होती. मी विचारलं, ‘आई, तुला ऑब्रीजवळ न्यायचं ना?’ तर म्हणाली, ‘नको. त्याला मी नको होते.’ लीड्सला पुरलं मी तिला. परक्या लोकांत.” ती उठली आणि कोट घालू लागली. एक बाही तिला सापडेना. मी पुढे झालो तशी म्हणाली, “हात लावू नका.”

दारात थांबून म्हणाली, “एक वर्ष आधी तरी सांगायचं होतंत.”

मी त्याच संध्याकाळी तो परिच्छेद नव्याने लिहिला. हाक दिली, कोणाच्या पायावर दिली, त्याने काय केलं, सगळं नावानिशी. खाली हाकेच्या रकान्याचे आकडे आणि मोडलेल्या बरगड्यांचे आकडे. आणि पाटी काढावी, अशी विनंती. मुख्याध्यापक डॉक्टर रँडल चाळिशीचे आहेत, कामसू, गोड बोलणारे. त्यांनी मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

“गॉडफ्री, किती त्रास झाला असेल तुम्हाला. मी समजू शकतो.”

“मला समजून घेऊ नका. ते छापा.”

“अहो, पण छापून कुणाचं भलं होणार? पोरांचा तो एवढा मोठा आदर्श. तुमचं नाव, शाळेचं नाव, त्या बिचाऱ्या कुटुंबाचं दुःख पुन्हा उकरायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“त्या कुटुंबात आता एकच बाई उरली आहे आणि तिला कळलंय. पोरं अजून मुकाट्याने बरगड्या मोडून घेताहेत.”

“खेळात मोडतात हो बरगड्या,” ते म्हणाले. “आणि अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची स्पर्शाची आठवण, या वयात... तुमची खात्री आहे?”

हॉलिवेलनीही नेमकं हेच विचारलं होतं. तेव्हा मी ‘नक्की’ म्हणालो आणि त्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. आता मी ‘नक्की’ म्हणालो तर डॉक्टर रँडलनी माझ्यासाठी शेरी ओतली. पुस्तक सप्टेंबरात आलं. खंदकाच्या प्रकरणात पाटीवरचं वाक्य आहे, पाटीचं पानभर चित्रही आहे. माझं नाव आतल्या पहिल्या पानावर, सोनेरी.

नोव्हेंबरच्या सामन्याला मी खंदकाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. वीस पोरं रांगेने आली. मी पाटीवर तळहात दाबून धरला आणि मोठ्याने म्हणालो, “त्याने हाक दिली होती. माझ्या पायावर. मी ओरडलो नाही. तुम्ही ओरडा.” पोरं थबकली, एकमेकांकडे पाहू लागली. मग कप्तान अदबीने म्हणाला, “हो सर,” आणि माझ्या बोटांच्या फटीतून दिसणाऱ्या पितळेला हात लावून खाली उतरला. मागचेही तसेच उतरले. सामना दोन तास चालला. एक खांदा निखळला. वहीत हाकेच्या रकान्यात शून्य.

त्याच दिवशी चहाच्या वेळी डॉक्टर रँडल मला शोधत आले. रागावले नव्हते. खूश दिसत होते.

“तुम्हाला एक बातमी द्यायचीय. पुस्तकाबद्दल शाळेच्या मंडळाला तुमचा मान करायचाय. चॅपलमागे आता कुणाला जागा देत नाही आपण, ठाऊक आहे तुम्हाला. पण भिंतीकडे एक राखीव जागा होती, ती यंदा मोकळी झाली. ती तुम्हाला द्यायचं ठरलंय.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “विनकॉटच्या शेजारची. मित्र होतात ना तुम्ही.”

“नको,” मी म्हणालो.

“अहो, संकोच कसला?”

कारण मी त्यांना मार्चमध्येच लिहून दिलं होतं. पुन्हा सांगितलं नाही. घरी येऊन हेस्टरला पत्र लिहिलं, की आईची जागा अजून आहे, शाळेने ती दुसऱ्याला देऊ केली होती, त्याने घेतली नाही. आईला हलवायचं असेल तर कागद तुमच्याकडे आहेच. मी त्या दिवशी तिथे नसेन.

याला दोन महिने झाले. उत्तर आलेलं नाही. माळी दर सोमवारी दोन्हींवरचं गवत कापतो, ऑब्रीच्या आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरचं.