नोव्हेंबरचे चार मंगळवार

माझ्या नोकरीत मला काय माहीत आहे आणि काय नाही, हेच मला धड माहीत नसतं. उगाच गूढ वगैरे वाटावं म्हणून सांगत नाहीये. खरंच माहीत नसतं.

मी डब्लिनला एका गुप्तवार्ता कार्यालयात काम करते. लगेच डोळे मोठे करू नका. बंदूक नाही, पाळत नाही, काळा चष्मा तर नाहीच नाही. माझं काम टीडी सांभाळायचं. टीडी म्हणजे इथले खासदार. आमच्या कार्यालयावर लक्ष ठेवायला त्यांच्यातल्या नऊ जणांची समिती आहे. दर मंगळवारी दुपारी तीन ते सहा त्यांनी आमच्या वाचनखोलीत यायचं. फोन प्रेसमध्ये ठेवायचा. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. मग मी त्यांच्या हातात गुप्त अहवालाची नंबर घातलेली प्रत द्यायची, वाचून होईपर्यंत समोर बसायचं आणि पानं मोजून प्रत परत घ्यायची. शिवाय नोंद. टीडी काय बोलला, मी काय बोलले, सगळं. ‘आज गारठा आहे’ म्हणाला तरी लिहायचं. बाहेर कुठे गाठ पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत लिहायचं. नाही लिहिलं तर पास जातो, आणि पास गेला की नोकरी गेली.

घरी मात्र यातला चकार शब्दही काढायचा नाही. माझा नवरा निमिष ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, म्हणून आम्ही ड्रोहेडात राहतो आणि मी रोज ट्रेनने डब्लिन गाठते. ‘आज काय केलंस?’ असं तो विचारतो, मी ‘ग्रँड’, म्हणजे इथलं ‘छान’, म्हणते, की विषय मिटला. त्याला सवय झालीय. सासूबाईंना कशी व्हावी? त्या सप्टेंबरात कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या. निमिष ड्युटीवर, मी ट्रेनमध्ये, आणि मंगळवारी तर मला घरी यायला आठ वाजायचे. त्या विचारायच्या, “एवढा वेळ करतीस तरी काय गं हापिसात?” मी म्हणायचे, “कागद देते आणि परत घेते, आई.” त्या म्हणायच्या, “एवढ्यासाठी विलायतेला आलीस?” कपाळ माझं!

तर त्या सोमवारी, ऑक्टोबरच्या मध्यावर, मी रोजच्यासारखी पाचला घरी आले आणि दारातच फर्गल मॅकार्डल. आमच्या भागातला टीडी आणि समितीतला सगळ्यात चौकस माणूस. इथे टीडी निवडणूक नसली तरी दारोदार फिरतात, रस्त्यातले खड्डे विचारतात, पत्रकं देतात. पण दारातून बाहेर पडताना त्याच्या हातात चिवड्याचा डबा होता. मागे सासूबाई, पदर सावरून, अगदी खुशीत.

“हॅलो, डेप्युटी,” मी म्हणाले. टीडीला इथे डेप्युटी म्हणतात, आणि मला तेवढंच बोलायची परवानगी आहे.

“तुझी सासू म्हणजे भलतीच क्रॅक आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. इथे क्रॅक म्हणजे धमाल. “तासभर बसलो होतो.” आणि गेला.

मी घाईने दार लावलं. “आई, तासभर तुम्ही बोललात काय?”

“बोलायचं काय? त्याला मराठी येत न्हाई, मला इंग्लिश येत न्हाई. पर मानूस लई गुणाचा. भिंतीवरचा तुझा फोटो बघितला आणि नाव घेतलं की तुझं. म्हटलं, वळखीचा दिसतोय, बसा, च्या घ्या.”

मंगळवारी सकाळी दहाच्या आत मी नोंद लिहिली. ‘संवाद झाला. विषय: अज्ञात. भाषा: नाही.’ आयुष्यात एवढी बावळट नोंद मी लिहिली नव्हती, पण खोटं तरी काय लिहायचं?

साडेअकराला समितीची बैठक. मॅकार्डलने आमच्या संचालकांना सगळ्यांसमोर विचारलं, “नोव्हेंबरपासून मंगळवारची वाचनखोली बंद करणार आहात, हे खरं का?”

खरं होतं. मंगळवार बंद करून महिन्यातून एकदाच वाचन ठेवायचं ठरलं होतं. हे समितीला पुढच्या आठवड्यात, गोड शब्दांत, पत्राने सांगायचं होतं. तोवर समितीच्या गोष्टीचा समितीला वास लागू द्यायचा नव्हता. का, ते मला विचारू नका, मलाही कळलं नव्हतं. कार्यालयात चार जणांना माहीत होतं, चौथी मी. संचालक म्हणे लालबुंद झाले.

माझ्या साहेबीण ग्रोन्या. शांत बाई, आणि शांत बाईच जास्त भीती घालते. त्यांनी माझी नोंद टेबलावर ठेवली.

“स्वरांगी, तू त्याला काय सांगितलंस?”

“हॅलो. लिहिलंय.”

“आणि सासूबाईंना?”

“काहीच नाही. त्यांना वाटतं मी कागद देते आणि परत घेते.”

“तू खरोखर तेच करतेस,” ग्रोन्या म्हणाल्या आणि त्यांनी नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, “दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तासभर बसले. आणि दुसऱ्या दिवशी त्याला हे माहीत. मला समजावून सांग.”

काय समजावणार? मलाच काही समजेना. मी झोपेत बडबडले का? निमिषला सांगितलं का? पण निमिषला सांगायला तो जागा तरी कधी असतो! मीच मला चोर वाटायला लागले. ग्रोन्यांनी तीन वाजेपर्यंत मुदत दिली. तोवर दुरुस्त नोंद द्यायची, नाहीतर ‘अज्ञात’वरच चौकशी बसणार.

कार्यालयात फोन चालत नाही. मी रस्त्यावर आले, पलीकडच्या कोपऱ्यावर उभी राहिले आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

“आई, काल तो माणूस आल्यापासून जाईपर्यंत जे झालं ते मला करून दाखवा. जसंच्या तसं.”

“आत्ता? कुकर लावलाय मी.”

“कुकर बंद करा!” मी ओरडले. शेजारून जाणारा सायकलवाला दचकला.

बिचाऱ्यांनी केलं. फोन ओट्यावर टेकवला आणि नाटक सुरू. इथे तो बसला. इथे मी चिवडा दिला. त्याला तिखट लागलं, पाणी दिलं. त्याने माझ्या फोटोकडे बोट करून खांदे उडवले, म्हणजे कुठंय ही? “मग मी त्याला ह्ये दाखवलं,” म्हणत त्यांनी फोन उचलला आणि फ्रिजशेजारच्या भिंतीवर धरला.

कालनिर्णयासारखी कॅलेंडरं आपल्याकडे घरोघरी असतात, तसं एक त्या कराडहून घेऊन आल्या होत्या. दूध, गॅस, उपास, सगळं त्यावर लिहायची त्यांची पद्धत. ऑक्टोबरच्या प्रत्येक मंगळवारी निळी फुली आणि शेजारी आठचा आकडा. म्हणजे सूनबाई आठला. त्यांनी पान उलटलं. नोव्हेंबर. फुल्या नाहीत. चारही मंगळवारांना लाल पेनाने मोठे गोल, आणि प्रत्येक गोलात पाचचा आकडा.

“त्याला म्हटलं, आता उशीर, आठ,” त्यांनी बोटं दाखवली. “आणि ह्या महिन्यापासनं पाचला घरी. टाळी दिली की त्यानं! आणि मग बराच वेळ बघत बसला कॅलेंडराकडं. लई कौतुक वाटलं बघ त्याला.”

कौतुक! स्वतः दर मंगळवारी माझ्यासमोर खुर्चीत बसणारा माणूस तो. मंगळवारी मला उशीर कुणामुळे होतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

आणि मग आठवलं. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, सासूबाई खिडकीशी बसून डोळे पुसत होत्या. मला बघवेना. जवळ बसून मी म्हणाले होते, “आई, नोव्हेंबरपासून मंगळवारी मी पाचला घरी असेन. आपण दोघी फिरायला जाऊ.” घरी कधी येणार हे सांगण्यात कसलं आलंय गुपित, असं मला वाटलं होतं. दीड महिन्यात नोकरीबद्दल मी त्यांना एकच खरी गोष्ट सांगितली, आणि नेमकी तीच कार्यालयाची.

“स्वरांगी, काय चुकलं का गं माझं?”

“नाही हो आई. तुमचं काही नाही चुकलं.”

फोन ठेवला आणि तिथेच पाच मिनिटं उभी राहिले. नोंद तशीच ठेवता आली असती. अज्ञात ते अज्ञात. मॅकार्डल तोंड उघडणार नव्हता, सासूबाईंना कुणी विचारणार नव्हतं, आणि विचारलं तरी कळणार कुणाला? पण चौकशी बसली की माणसं घरी येणार होती. भिंतीवरचं ते कॅलेंडर काढून पिशवीत घालणार, आणि या बाईला वाटणार, आपण काहीतरी पाप केलं. ते मला सोसवलं नसतं. नोकरी गेली चुलीत!

मी वर जाऊन सगळं लिहिलं. कुणी काय दाखवलं ते, आणि खाली, ‘माहिती मी दिली. सासूबाईंना एकटं वाटत होतं म्हणून.’ ग्रोन्यांनी दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, “हे लिहायची गरज नव्हती.” मी म्हणाले, “सगळं लिहायचं असतं ना?” त्यांनी हात पुढे केला. मी गळ्यातला पास काढून दिला. निर्णय होईपर्यंत घरी थांबायचं. निर्णय काय होणार, ते दोघींनाही माहीत होतं.

तीन पन्नासच्या ट्रेनने निघाले. दार उघडलं तेव्हा पाचच वाजत होते. सासूबाई भाजी निवडत होत्या. मला बघून आधी घाबरल्या, मग कॅलेंडराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“अगं, आज मंगळवार की! नोव्हेंबर तर लागला न्हाई अजून. आजपासनंच का?”

“हो आई,” मी म्हणाले. “आजपासूनच.”

त्यांनी भाजी बाजूला सारली, ड्रॉवरमधून लाल पेन काढलं आणि निळ्या फुलीवरच मोठा गोल केला. “थांब, चप्पल घालते,” म्हणाल्या. “उजेड हाय तवर जाऊन येऊ.”