कमलाकांतरावांची झीज

सत्तावन्न साली गिरगावात प्रत्येक चाळीला आपापला वक्ता होता. आमच्या चाळीचे कमलाकांत धुरंधर. दिवसा विमा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र.

त्या वर्षी ते वाळायला लागले. कोट खांद्यावरून ओघळू लागला. भाषणात दर दोन वाक्यांनी घोटभर पाणी, आणि थोड्या थोड्या वेळाने "आलोच" म्हणून स्टेजमागे गायब. लोक हळहळत, "मुंबईसाठी कसा झिजतोय बघा माणूस!" चाळ कमिटीने त्यांच्या त्यागाबद्दल सत्कार केला, वर पेढ्यांचा पुडा दिला. तो त्यांनी वाटेतच संपवला.

बायको उर्मिला एवढंच म्हणाली, "त्यागाला मुंग्या लागत नाहीत. मोरीत जाऊन बघा जरा."

तिनेच त्यांना भोईवाड्यात डॉक्टर चिंतामणींकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, लघवीचे चार थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी विटेसारखं लाल झालं.

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले. "शरीरात इन्सुलिन बनत नाही. खाल्लेली साखर रक्तातच साचते, अंगी लागत नाही. मग ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून ही तहान, म्हणून ही हाडं. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल."

"किती दिवस?"

"जगायचं असेल तितके."

रोज सभेत 'छातीवर गोळ्या झेलू' म्हणणारे कमलाकांतराव हळूच म्हणाले, "गोळ्या नाहीत का हो?"

"तुम्हाला त्या पुरायच्या नाहीत. आणि वहिनी, इंजेक्शननंतर जेवण चुकवू देऊ नका. साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बडबड सुरू झाली की लगेच तोंडात साखर घाला."

उर्मिला रोज काचेची सिरिंज उकळून त्यांच्या मांडीत सुई टोचू लागली. पहिले काही दिवस ते सुईआधीच ओरडत. पण तहान भागली, झोप लागू लागली, अंग भरलं.

कमिटीचा चिटणीस वसंत मात्र चिंतेत पडला. "धुरंधर, गाल वर आलेत तुमचे. लोक विचारतात, हा तिकडच्यांना फितला की काय?"

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. परळच्या सभेच्या दिवशी त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि चेहरा जरा ओढलेला दिसावा म्हणून "तिकडेच जेवतो" असं सांगून उपाशीच निघाले.

भाषण सुरू झालं. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. "बेळगाव... आमची मावशी! कारवारला... कारवारला कोट शिवा!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. पुढचा एक गिरणी कामगार डोळे पुसू लागला.

उर्मिला बायकांतून उठली आणि तडक स्टेजवर चढली. वसंत आडवा आला, "वहिनी, आत्ता कुठे रंगात आलेत!"

"रंगात कसले? साखर उतरलीय त्यांची. सरका!" तिने पदराची गाठ सोडून नवऱ्याच्या तोंडात साखर कोंबली.

मागच्यांना एवढंच दिसलं, की स्टेजवर साखर वाटतायत. "मुंबई मिळाली रे!" कोणीतरी ओरडलं. लालबागेत फटाके वाजू लागले, तोवर कमलाकांतराव शुद्धीवर येऊन विचारत होते, "मी काय बोललो?"

"आजवरचं सर्वांत चांगलं," वसंत म्हणाला.

त्यानंतर ते जेवल्याशिवाय कधी बोलायला उभे राहिले नाहीत. मुद्दे सगळे नीट कळू लागले आणि गर्दी निम्मी झाली.