मागचा भार

वाळवंटी मुलखातल्या जबल अल-लौझ डोंगराच्या घाटात पिकअपची मागची चाके जागच्या जागी गरगरली आणि गाडी तिरकी होत दरीच्या कडेशी थांबली. उदय स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. नाशिकच्या या अबोल इंजिनिअरला वाळूचे सगळे नखरे पाठ होते. बर्फ मात्र तो आज पहिल्यांदाच पाहत होता. तो इतका निःशब्द असेल, हे त्याला ठाऊक नव्हते.

वर मोबाइल टॉवरच्या खोलीत त्याचा रूममेट यूनुस अडकला होता. हीटर सकाळीच बंद पडला होता, आणि यूनुसला दमा होता. फोनवर त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"टायरची हवा सोडू?" उदयने विचारले.

"अरे, ती वाळूतली युक्ती. इथं मागं भार हवा. रिकामी पिकअप म्हणजे रिकामी होडी, उगाच डुलते. पोती भरून मागच्या चाकांवर ठेव. नि लवकर ये बाबा, नायतर कुल्फी झालेला मिळेन."

सिमेंटची रिकामी पोती गाडीत होती, फावडेही होते. पण सारी जमीन पांढरी, गोठलेली. फक्त एका पुढे झुकलेल्या कातळाखाली भुसभुशीत वाळूचा बुटका, लांबट ढीग कोरडा राहिला होता. दोन्ही टोकांना एकेक दगड उभा. रस्त्याच्या कामाची खूण असेल, असे समजून उदयने पोती भरली, मागे आवळून बांधली.

आता गाडी चढली. नको इतक्या नेटाने चढली. पोती मोजकीच, पण मागे माणसे बसावीत तशी गाडी दबून चालली होती. वळणावर कुणीतरी सावरून बसल्यासारखा आवाज आला. उदयने आरशात पाहिले. नुसती पोती.

टॉवरपाशी गाडी थांबताच ब्लँकेट गुंडाळून यूनुस बाहेर आला. पोत्यावर टेकलेला हात त्याने झटकन मागे घेतला.

"वाळू कुठली रे?"

उदयने सांगितले.

"दोन्ही टोकांना दगड होते?"

"हो."

"उदय, ती कबर आहे. इथं नाव लिहीत नाहीत. नुसते दगड."

परतताना कातळापाशी यूनुसने गाडी थांबवायला लावली.

"खरा उतार अजून पुढेच आहे," उदय कळवळून म्हणाला. "तुझा श्वास बघ. उद्या आणून टाकू."

"दुसऱ्याचं घर पाठीवर घालून पळायचं? खलास, पुरे आता. ओत."

त्यांनी वाळू जागी घातली, हातांनी सारखी केली. यूनुस धापा टाकत दुवा पुटपुटत होता. उदयने हात जोडले. मग न राहवून त्याच्यासारखेच उघडे धरले.

रिकामी पिकअप उताराला लागली. पहिल्या वळणावर उदयने गाडी अगदी हळू घेतली. चाके घसरली नाहीत. गाडी तशीच मागे दबलेली होती, आणि पाठीमागे कुणीतरी पुन्हा सावरून बसले.

"यूनुस, मागे..."

"बघू नको. चालव."

बर्फ संपून काळा, कोरडा रस्ता लागला तिथे गाडीचा मागचा भाग अलगद वर आला, कुणी उतरून गेल्यासारखा. यूनुसने न सांगताच उदयने ब्रेक दाबला होता.

छातीत घरघर असूनही यूनुसने काच खाली केली, आणि त्या बोचऱ्या वाऱ्यात, वडीलधाऱ्यांना करावा तसा, हळूच सलाम केला.